साठा नोंदवही

निलंग्याहून टेम्पोतून खोका आला
तेव्हा मी खिचडीची डाळ निवडत होते.
वर चिकटपट्टी, आत थर्माकोल,
थर्माकोलखाली
जिराफ एक, पाणघोडा एक, गाय काळी-पांढरी एक,
पिझ्झ्याचे तुकडे सहा, बर्गर एक,
आइस्क्रीमचे कोन दोन, दोन्ही गुलाबी.
पावतीवर सही केली : कौसल्या सुरनर,
अंगणवाडी क्रमांक दोन, सावरटेक.

सुपरवायझर मॅडम म्हणाल्या,
हरवलं तर भरून द्यावं लागेल.
म्हणून पहिले दहा दिवस
लेकरं कपाटाच्या काचेबाहेरूनच खेळली.
काचेवर नाकांचे ठसे. मी रोज पुसायचे.

अकराव्या दिवशी मुजम्मिलनं विचारलं,
"बाई, त्यायला उपाशी का ठेवलालाव?"

किल्ली माझ्या पदराला होती.

पिझ्झा बघून कार्तिकी म्हणाली, धपाटं हाय,
कुणीतरी वाटून घेताना सहा भाग केलेलं.
बर्गर म्हणजे येळवशीचा उंडा,
मधी चिरून आत भज्जी भरलेला.
जिराफावर बराच वेळ वाद चालला.
शेवटी ठरलं, हा उंटच,
अडचणीत कुबड इकून टाकलेला.
पाणघोड्याची मात्र चर्चाच झाली नाही.
ती म्हैस. आणि गाभण.
तिच्या पोटाला खाली भोक होतं,
शिट्टी कधीच निघून गेलेली;
त्या भोकातून तिचा खुराक सुरू झाला.
चड्डीच्या खिशातून, फ्रॉकच्या ओच्यातून
रोज चार-चार दाणे.
मी पाहिलं, आणि खिचडी ढवळत राहिले.

महिनाअखेर मोजणी.
जिराफ आहे. गाय आहे, शिंगं नाहीत,
पण ती आधीपासूनच नव्हती.
बर्गर नाही.
सतरंजी झटकली. तांदळाचं पोतं हलवलं.
मग लेकरांची दप्तरं उघडली,
इतकाली इतकाली दप्तरं,
एकात अर्धी पेन्सिल आणि चिंचोके.
ती मी पुन्हा बंद केली
तेव्हा माझ्याकडे कुणी बघत नव्हतं,
ते मला जास्त लागलं.

नागेश तीन दिवस आला नव्हता.
दुपारी त्याच्या घरी गेले.
गोठ्यात एक कालवड, महिन्याभराची,
तिची आई आटलेली;
आणि तिच्यासमोर घमेल्यात, कडब्याच्या चुऱ्यावर,
बर्गर.
"खाईनाच बाई. नुस्तं चावलालीय."
उचलून पाहिला.
खालच्या पावाला दातांचे ठसे,
वरच्या पावाला नुसती लाळ.
"गुराला वर म्होरले दात नसतेत," नागेश म्हणाला.
पन्नाशी गाठली मी, गुरांच्या घरात वाढले,
कधी वाकून बघितलं नव्हतं.
मी त्याला रागवायला गेले होते.
परत येताना पिशवीत बर्गर,
आणि उद्यापासून येतो असा शब्द.

शनिवारी खेळणी धुते मी.
म्हैस पाय वर करून उन्हात ठेवली होती, विसरले.
सोमवारी कार्तिकी ओरडली, अशी ओरडली
की पलीकडच्या गिरणीतली बाई पळत आली :
"म्हैस व्याली! बाई, म्हैस व्याली!"
पोटाच्या भोकातून चार पाती बाहेर,
पोपटी, एक थोडं वाकडं.

तपासणीला मॅडम आल्या.
मी नोंदवही पुढे केली. शेवटचा रकाना : शेरा.
जिराफ, चांगला.
गाय, चांगली.
बर्गर, चावलेला, वापरात.
पाणघोडा,
तिथे रात्री मी दोनदा लिहून दोनदा खोडलं होतं.
मॅडमनी खोडाखोडीकडे पाहिलं,
मग खिडकीकडे, जिथे म्हैस उताणी होती.
"हे गवत कसलं?"

"गवत नाय," मुजम्मिल म्हणाला. "मालदांडी."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला,
रिकाम्या रकान्याच्या शेजारी सही केली.
चपला घालता घालता थांबल्या.
"पाणी कोण घालतं हिला?"

पटावर अकरा लेकरं.
हात बारा वर.